आंबट दव, खारट दव

आजीची आंबेची, म्हणजे हरभऱ्यावरच्या आंबट दवाची, बाटली मुळात खोकल्याच्या औषधाची होती. तपकिरी काच. पत्र्याचं झाकण आंबेनं कधीच खाऊन टाकलेलं, म्हणून तोंडाला लाकडी बूच. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ती असायची आणि घरात कुणाचं पोट फुगलं की चमचाभर आंब पाण्यातून मिळायची. मी तोंड वाकडं केलं की आजी म्हणायची, "हरभऱ्याचा घाम हाय त्यो. रान राबतंय रातभर, तुला नुसतं प्यायला काय हुतंय?"

ही आंब गोळा करायला मी तिच्याबरोबर जायची. आजोळ कृष्णाकाठी, कागवाडच्या बाजूला. तेव्हा तालुका अथणी. पौषातली थंडी. आजोबांचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं धोतर आदल्या रात्री हरभऱ्यावर अंथरलेलं असायचं. दिवस उगवायच्या आत दोघींनी दोन टोकं धरून ते उचलायचं आणि चिनी मातीच्या सटात पिळायचं. धोतर जड झालेलं असायचं, बोटं बधिर व्हायची आणि टाचेच्या भेगांना ते पाणी असं झोंबायचं की थंडी विसरायला व्हायचं. एकदा मी शहाणपणानं घरातला चकचकीत पितळी तांब्या घेऊन गेले. आजीनं पिळून झाल्यावर पाहिलं आणि अख्खा तांब्या बांधावर ओतला. "कळकलं की गं सगळं!" पुढं दोन दिवस तिनं मला रानात नेलं नाही.

आता मी बेळगावात पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना जीवशास्त्र शिकवते. हरभऱ्याच्या पानांवर, खोडावर, घाट्यावर बारीक केस असतात, केसांच्या टोकाला ग्रंथी असतात आणि त्यांतून मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, हे मला पाठ आहे. दव आभाळातून आलेलं, आंबटपणा झाडाचा. यातलं ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीच्या वाढीच्या आड येतं, म्हणजे आजीचं पोटाचं औषध हा हरभऱ्याचा स्वतःपुरता केलेला बंदोबस्त. हे सगळं मी फळ्यावर लिहिते. आंबेची चव कशी असते ते मात्र फळ्यावर लिहिता येत नाही, आणि वर्गातल्या साठ मुलांपैकी एखाद-दुसऱ्यानंच ती चाखलेली असते.

यंदा संक्रांतीला मामाकडं गेले होते. सकाळी सवयीनं खालच्या रानाकडं वळले. हेच ते आंबेचं रान. आता तिथं काही पिकत नाही. धुक्यात दुरून वाटलं, पांढरं फडकं कुणीतरी अंथरून ठेवलंय. जवळ गेल्यावर कळलं, मीठ. पायाखाली पापडासारखं कुरकुरत होतं. मधेमधे जमीन काळी, तेलकट, कुणी इंजिनाचं ऑइल सांडल्यासारखी; तिथं पाय सटकत होता. आणि या सगळ्यात वीत-वीतभर उंचीची करडी झुडपं, बारीक पानं, पानांवर थेंब.

"मामा, हरभरा!" मी ओरडलेच.

"हरभरा न्हाई गं त्यो," मामा बांधावरूनच म्हणाला. "जवळनं बघ. कोण पेरंल हितं हरभरा?"

गुडघे टेकून बघितलं. पानं हरभऱ्यासारखीच केसाळ, पण राखाडी. प्रत्येक पानावर टाचणीच्या डोक्याएवढे थेंब, आणि झुडपाच्या बुडाशी मातीवर ओलं काळं वर्तुळ, जसं रात्री कुणी तांब्यानं पाणी घातलंय. बाकी जमीन कोरडी, पांढरी. बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला आणि जिभेला लावला. तीस-पस्तीस वर्षांची सवय. जीभ आंबटासाठी तयार होती. खारट लागलं. नुसतं खारट नाही, डोळ्यांतलं पाणी ओठांवर येतं तसं.

ही रुदंती. कुणी रुद्रवंती म्हणतं, कुणी खर्डी. कुळानं ती आपल्या गारवेलीच्या, रताळ्याच्या नात्यातली, दिसायला हरभऱ्याच्या. जुन्या निघंटूंनी, म्हणजे औषधी झाडांच्या कोशांनी, तिचं वर्णन नेमकं असंच केलंय: पान हरभऱ्यासारखं, आणि शिशिरात जिच्यातून पाण्याचे थेंब गळतात म्हणून तिचं नाव रडणारी. नाव ठेवणाराही माझ्यासारखाच पहाटे कुठल्यातरी खारवट रानात गुडघे टेकून बसला असणार. मला तो माणूस फार आवडला.

आता ती रडते का, हे सांगायला हवं. त्यासाठीच तर पगार घेते. मिठाच्या जमिनीत झाडाला दोन संकटं असतात. पहिलं तहानेचं. मुळाच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांत ओढाताण चालते, आणि जिकडं विरघळलेलं जास्त तिकडं पाणी जातं. वांग्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्या पाणी सोडतात, तेच. जमिनीतच मीठ फार झालं की मुळं पाण्यात उभी असून तहानलेली राहतात. दुसरं संकट विषाचं. सोडियम आत शिरतो आणि पोटॅशियमच्या पाटावर जाऊन बसतो, आणि पेशीतली जी कामं पोटॅशियमच्या भरवशावर चालतात ती बिघडतात. बहुतेक झाडं मिठाला मुळाशीच अडवायला बघतात. ते जमलं नाही तर काही झाडं त्याला पेशीतल्या रिक्तिकेत कोंडतात, म्हणजे माजघरात येऊ द्यायचं नाही, परसातल्या अडगळीच्या खोलीत घालून कडी लावायची. बीट आणि पालक या कामात पटाईत. बिटाचे रानटी पूर्वज समुद्रकाठचेच. आणि पेशीच्या आत पाणी धरून ठेवायला ते जो पदार्थ साठवतं त्या बीटेनला नावच बिटावरून मिळालंय. मामीनं बांधाच्या कडेला पालक लावलाय, आणि तो खरोखर तेजीत होता.

रुदंतीचं तसं नाही. ती मीठ आत घेते, अंगातून फिरवते आणि पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. हे फुकट होत नाही. प्रत्येक कणाला ढकलायला ताकद खर्च होते. दिवसा ते मीठ पानावर वाळून भुकटी होतं, रात्री हवेतली ओल ओढून घेतं, आणि पहाटे थेंब होऊन बुडाशी पडतं. म्हणजे जिथून उचललं तिथंच परत. घाटाखाली कोकणात खाडीकाठची तिवरं हेच करतात, त्यांच्या पानांवर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पण खाडीला मीठ असायचंच. इथं समुद्र कुठून आला?

तो आम्हीच आणला, बादलीबादलीनं. गोड्या पाण्याचा.

हा हिशेब मी मामासमोर कागदावर मांडला होता. ऊस वर्षाला ढोबळमानानं दोन मीटर पाणी पितो. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर, म्हणजे एकरी 80 लाख लिटर. नदीचं पाणी गोड, पण लिटरला पाव ग्रॅम क्षार धरले तरी वर्षाला एकरी दोन टन. पाणी उसाच्या पानांतून उडून जातं, क्षार उडत नाहीत. जुन्या काळी पावसाचं पाणी ते धुऊन खाली न्यायचं. इथं एक तर पाऊस बेताचा. आमचा जिल्हा अजब आहे: मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीकडं पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं पाच-सहाशे मिलिमीटर झाला की माणसं देवाला नारळ फोडतात. त्यात माती काळी, चिकण, निचऱ्याला कंजूस. उपशाचं पाणी आलं, रात्रंदिवस पाट वाहिले, खालची पाणीपातळी वर वर आली, आणि मग दिव्याची वात तेल ओढते तसं मातीनं ते पाणी वर ओढलं. वर येऊन पाणी उडालं. मीठ राहिलं.

मामाच्या रानात कामाला येणारे एक कानडी आजोबा आहेत. त्यांनी हे तीन शब्दांत सांगितलं, "सवळु-जवळु भूमी री, अक्कोरे." सवळु म्हणजे खारवट, जवळु म्हणजे पाणथळ. आपल्या मराठीत क्षारपड, चोपण, मीठफुटी असे वेगवेगळे शब्द आहेत. कानडीनं दुखणं आणि त्याचं कारण एकाच जोडशब्दात बांधून टाकलंय. शेजारणी-शेजारणी एकमेकींचे झारे नेतात तसा हा शब्द मी उचलला, परत करणार नाही.

हिशेबाचा कागद मामानं घडी घालून खिशात ठेवला. मला वाटतं त्याला तो आधीच माहीत होता.

खरी चुटपुट लागते ती दुसऱ्या आकड्यांनी. मातीच्या अर्कातून वीज किती सहज वाहते त्यावरून तिच्यातलं मीठ मोजतात. एकक डेसिसायमन प्रति मीटर. ही वाहकता चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त म्हणायची. मास आणि हॉफमन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1977 साली कुठलं पीक कुठवर तग धरतं याचा तक्ता छापला, तो पुढं सुधारत सुधारत आजही वापरतात. त्यात कापूस 7.7 पर्यंत उत्पन्न न घटवता उभा राहतो, जव 8 पर्यंत, ज्वारी 6.8 पर्यंत. आणि ऊस? 1.7. म्हणजे कागदावर जमीन क्षारयुक्त ठरायच्या कितीतरी आधी उसाचे हाल सुरू झालेले असतात. ज्या पिकासाठी एवढं पाणी ओतलं तेच या पाण्याच्या परिणामापुढं या चौघांत सगळ्यात नाजूक. आणि ज्याला हाकलून ते आणलं तो शाळू इथं कधीचा टिकला असता. हरभरा मात्र टिकला नसता. एवढा आंबट, एवढा तिखट झोंबणारा, पण मिठाला फार हळवा. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संस्थेनं मीठ थोडंफार सोसणारा 'करनाल चना 1' काढलाय, पण मामाच्या खालच्या रानातल्या मिठापुढं तोही हात टेकेल.

शाळूबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे. तो मला रुदंतीपेक्षाही मोठा कलावंत वाटतो. मालदांडी घ्या. हस्ताच्या पावसाच्या ओलीवर पेरायची आणि नंतर आभाळाकडं बघायचंच नाही. जमीन जशी वरून वाळत जाते तशी मुळं ओलीमागं खाली खाली जातात. पुढं काळ्या रानाला भेगा पडतात, पोराचा पाय अडकेल एवढ्या. त्यातून ओल उडू नये म्हणून कोळपणी. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" हे मी पाठ्यपुस्तकात नाही, आजोबांच्या तोंडून शिकले. दुपारी शाळवात उभं राहून बघा: पानं लांबीच्या बाजूनं गुंडाळून सुरळी करतात. पानाच्या वरच्या बाजूला काही मोठ्या, फुगऱ्या पेशी असतात. त्यांतलं पाणी कमी झालं की पान मिटतं, आणि उन्हाला दिसणारं अंग निम्म्यावर येतं. संध्याकाळी पुन्हा उघडतं. ताटावर अंगठा फिरवला की पांढरी भुकटी लागते, ते मेण. लहानपणी आम्ही त्या भुकटीनं एकमेकींच्या गालांना पावडर लावायचो. आणि फारच ताण पडला तर ज्वारी मरत नाही, थांबते. वाढ बंद करून नुसती उभी राहते आणि ओल मिळाली की पुढची पानं काढायला लागते. त्या थांबलेल्या दिवसांत कोवळ्या ताटात सायनाइडचं विष वाढतं. म्हणून पाण्याविना खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत जनावर सोडायचं नसतं. एकदा शेजारच्यांची गाय दुपारी शिरली आणि संध्याकाळपर्यंत गेली.

गंमत म्हणजे ऊस आणि ज्वारी एकाच गोत्रातले. दोघंही कर्बवायू आधी चार कर्बांच्या आम्लात पकडतात आणि मग आतल्या पेशींत नेऊन साखर करतात. त्यामुळं पानांची छिद्रं कमी उघडली तरी भागतं. हे चार कर्बांचं आम्ल बरंचसं मॅलिकच. आजीच्या बाटलीतलं.

मॅलिक आम्लाची माझी आणखी एक गोष्ट आहे, ती गच्चीवरच्या कुंडीतली. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, काही काळ बंगळूरच्या लालबागेचं कामही त्याच्याकडं होतं. त्यानं 1813 साली एका पत्रात लिहून ठेवलं की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी कडवट. इतकी वर्षं मी हे मुलांना 'ऐतिहासिक निरीक्षण' म्हणून सांगत होते आणि पानफुटी माझ्याच गच्चीवर होती. गेल्या उन्हाळ्यात एकदाची सकाळी सहाला पानाचा तुकडा चावला. (चावून थुंकायचा, त्यात थोडी विषारी द्रव्यंही असतात.) चिंचेच्या कोवळ्या पानासारखा आंबट. दुपारी चारला त्याच झाडाचं दुसरं पान: काकडीची साल. हेन खरा निघाला याचा मला एवढा आनंद झाला की नवऱ्याला हाक मारून त्यालाही चावायला लावलं. तो म्हणाला, "गवतासारखं लागतंय." त्याला मी सकाळी उठवायला हवं होतं.

कारण साधं आहे. माळवदाच्या घरात उन्हाळ्यात आपण रात्री दारं-खिडक्या सताड उघड्या टाकतो आणि दिवस वर आला की लावून घेतो. पानफुटी, निवडुंग, घायपात, कोरफड हेच करतात. रात्री छिद्रं उघडून कर्बवायू घ्यायचा, मॅलिक आम्ल करून साठवायचा. दिवसा दारं बंद करून आतल्या आत त्याची साखर. घोळाची भाजी तर याहून बेरकी. एरवी ज्वारीसारखी वागते, पाणी तुटलं की निवडुंगाची रीत धरते, आणि मीठही बऱ्यापैकी सोसते. मामाच्या मिठाच्या रानाच्या कडेला ती लुसलुशीत पसरली होती. मामीनं डाळ घालून केली, आणि मीठ कमी घातलं.

बाभळीवर एक ओळ तरी लिहायलाच हवी, नाहीतर अथणीकडचे लोक रागावतील. बारीक पानं, खोल सोटमूळ, मिठाच्या आणि चोपण जमिनीतही जगण्याची तयारी, आणि सालीत ठासून भरलेलं टॅनिन. त्याच सालीनं अथणीच्या कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावतात. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, एवढं एक तरी दोघांत भांडण न होता वाटलं गेलंय. वेडी बाभूळ वेगळी. ती मेक्सिकोकडून आली, मामाच्या रानाच्या एका कोपऱ्यात घुसलीय, आणि तिच्याविषयी मला चांगलं बोलता येत नाही.

आमच्या सीमाभागात एक खोड आहे. कुठलीही गोष्ट लिहायला घेतली की तिचं रूपक होतं. खारट मातीत तगलेलं झुडूप म्हटलं की वाचणारा पुढचं वाक्य स्वतःच पुरं करतो. मी माझ्या एका सहकाऱ्याला रुदंतीचा फोटो दाखवला तर तो तत्काळ म्हणाला, "ही तर आपलीच कहाणी!" नाही. रुदंतीची कहाणी रुदंतीची आहे. तिला कुठल्या राज्यात आहोत याची फिकीर नाही. आणि आम्हाला मिठात कुणी टाकलेलं नाही, मामाच्या रानात तरी ते आमच्या हातानंच आलंय.

शिवाय 'जुळवून घेतलं' हा शब्द आपण फार कौतुकानं वापरतो. मिळालेल्या ताकदीचा एक वाटा नुसतं मीठ उपसण्यात जातो, म्हणून रुदंती ओंजळभरच राहते. जनावर तिला फारसं तोंड लावत नाही. मामानं मला विचारलंच, "औषधाला चालती म्हंतीस. विकत घेईल का कोण?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग नुसती रडूं दे," तो म्हणाला आणि तंबाखूची चंची काढली.

या रानासाठी त्यानं काही केलं नाही असं नाही. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यानं ट्रॉलीभर जिप्सम टाकलं होतं. जिप्समचं काम मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सोडवण्याचं. पण सुटलेला सोडियम वाहून जायला वाट नको का? वाट नव्हती. पाणी तुंबलेलंच. दोन हंगाम आणि सगळे पैसे त्याच मातीत. हिरवळीच्या खताचा धैंचाही पेरून गाडला. धैंचा आला बरा, पाणथळीत त्याचं मऊ बूड फुगतं आणि त्यातून मुळांना हवा मिळते. पण तो गाडल्यावर लावलेला ऊस पुन्हा टोकाकडून करपला.

यंदा मात्र मामेभावानं आणि शेजारच्या चौघांनी मिळून जमिनीखालून निचऱ्याचे पाईप घातलेत. साधारण छातीएवढ्या खोल चर, त्यात भोकांचे, जाळीचं कापड गुंडाळलेले पाईप, उतार ओढ्याकडं. भाऊ मला ते तोंड दाखवायला घेऊन गेला. ओढ्याच्या काठातून काळ्या पाईपचं टोक बाहेर आलेलं, आणि त्यातून करंगळीएवढी धार. स्वच्छ, गार. "दिवसरात्र चालू हाय," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षांत हरभरा दाखवतो तुला."

मामा वाकला. धारेखाली तळहात धरला, घोटभर तोंडात घेतलं, खळखळून थुंकलं. काही बोलला नाही. हात धोतराला पुसला.

आम्ही तिघं तिथं थोडा वेळ उभे होतो. धार ओढ्यात पडत होती, ओढा बाभळींतून वळून नदीकडं निघाला होता, आणि धुकं उठल्यावर खालच्या गावाच्या उपशाच्या मोटारीचा आवाज यायला लागला.